उंदीर घरात शिरतो कुठून? पत्रा, मोरी, घरातला कापूस आणि बदललेला पाऊस

(कॅमेरा जमिनीलगत, बंद दाराच्या खालच्या फटीवर. हातात शिसपेन्सिल.)

राम राम मंडळी. ही साधी शाळेची पेन्सिल. दार बंद आहे, कडी लावलेली आहे. आता बघा... गेली आत. पेन्सिल गेली तिथून पिटुकला उंदीरही जातो. सहा-सात मिलिमीटरची फट त्याला पुरते. डोकं शिरलं की अंग मागोमाग येतं. मोठ्या उंदराला याच्या दुप्पट जागा लागते, आणि तेवढी जागा नसेल तर तो कुरतडून करून घेतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं त्याला सुटत नाही.

(उभं राहून, कॅमेऱ्याकडे बघत.)

आता म्हणाल, उंदीर काय आज आलेत का? नाही. पण त्यांचं वेळापत्रक बदललंय. आधी कसं होतं, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघायचं, रान मोकळं व्हायचं, खायला काही उरायचं नाही आणि उंदीर गावाकडे सरकायचे. आपण पिंजरा काढायचो, आठ-पंधरा दिवस लावायचो, परत माळ्यावर टाकायचो. आता ते मे महिन्यातही घरात आणि सप्टेंबरातही घरात.

जानेवारी 2025 मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात जगातल्या 16 शहरांचा अभ्यास आला. त्यातल्या 11 शहरांत उंदीर वाढलेले दिसले, आणि जिथे तापमान जास्त वाढलं तिथे उंदीरही जास्त वाढले. वॉशिंग्टन, टोरोंटो, न्यूयॉर्क, अ‍ॅमस्टरडॅम वगैरे. तिकडे कडाक्याच्या थंडीत उंदरांची वाढ मंदावते, थंडी कमी झाली की ती सवलत जाते. पण हे जसंच्या तसं आपल्याला लावू नका. परभणी-हिंगोलीला कितीही गारठा पडला तरी बर्फ पडत नाही. आपल्याकडचा खरा खेळ पाण्याचा आहे.

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते आपण विसरलेलो नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याच मराठवाड्यात अशी अतिवृष्टी झाली की धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे उभी पिकं पाण्याखाली गेली. आता उंदराच्या बाजूने विचार करा. पाणी आटलं की तो ओलावा शोधतो. ठिबकच्या नळ्या उन्हाळ्यात का कुरतडलेल्या असतात? शेतकऱ्याला सांगायला नको. रानातलं संपलं की मग तुमचा कूलर, माठाखालची ओल, जनावरांचा हौद. उलट पाऊस धो-धो पडला, काळ्या रानातली बिळं पाण्याने भरली, की तो कोरडी जागा शोधतो, आणि गावात कोरडी जागा म्हणजे तुमचं घर. दुष्काळ असो की पूर, त्याची वाट घराकडेच येते. म्हणून उंदराचा बंदोबस्त आता वर्षभराचं काम धरा.

आणि थोडे असतानाच हात घाला. घरातल्या उंदरीण बाईंना तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी पाच-सहा. ती पिल्लं दीड महिन्यात स्वतः गाभण राहण्याजोगी होतात.

(टॉर्च घेऊन भिंतीकडे.)

घरात कोण आहे ते आधी ओळखा. तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक लेंड्या असतील तर तो पिटुकला उंदीर, कपाटात, धान्याच्या डब्यांमागे. लेंड्या सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठ्या आणि आढ्यावर रात्री खुडबुड, तर तो घरउंदीर, वरून येणारा. हा बघा भिंतीच्या कडेने काळपट चिकट पट्टा. रोज एकाच वाटेने अंग घासत जातो, त्याचा हा डाग. पिंजरा इथेच लावायचा. आणि मोरीजवळ, गोठ्याजवळ मातीचा ढीग उकरलेला असेल तर ती घूस. माळवदाच्या जुन्या घरांना हिचाच त्रास जास्त. मातीची भिंत पायातून पोखरते. चिचुंद्रीला मात्र मारू नका. ती उंदीर नाही, किडे-झुरळं खाते. वास मारते, एवढाच तिचा गुन्हा.

(कॅमेरा वर, पत्रा आणि भिंत जिथे मिळतात तिथे.)

आता ही जागा नीट बघा, बहुतेक जण इथे बघतच नाहीत. पत्र्याला लाटा आहेत आणि भिंत वरून सपाट. प्रत्येक लाटेखाली एक भोक. भिंतीच्या लांबीत अशी डझनभर सहज निघतात. खाली दाराला पट्टी लावून उपयोग काय, वर अख्खी रांग उघडी आहे. कापड कोंबलं तर ते त्याचं अंथरूण होतं. थर्माकोल, फोम एका रात्रीत जातो. काय करायचं? भांडी घासायची तारेची घासणी घ्या, मोकळी करा, भोकात गच्च ठासा आणि वरून सिमेंट भरा. तार दाताला लागते, मग तो पुन्हा हात लावत नाही. मोठी जागा असेल तर सहा मिलिमीटरच्या आतल्या भोकाची लोखंडी जाळी. मोरीच्या पाइपाला हीच जाळी. दाराला खालून पत्र्याची पट्टी, रबराची नको, रबर कुरतडतो. घुशीच्या बिळात जुने लोक काचेचे तुकडे आणि सिमेंट भरायचे, ते आजही चालतं, फक्त पोरं जिथे उकरतात तिथे काच टाकू नका.

आंब्याची, लिंबाची फांदी पत्र्याला टेकलीय का? छाटा. वरच्या उंदराचा तो जिना आहे.

(खोलीत रचलेला कापूस.)

आता दुखणं. भाव नाही म्हणून सोयाबीन घरात, भाव नाही म्हणून कापूस घरात. अख्खी खोली भरून. तुम्ही ठेवू नका असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पडत्या भावात विका असं म्हणणारा मी कोण? पण कापसात उंदराला ऊब आहे, शेजारी पोत्यात खाणं आहे, त्याला आणखी काय पाहिजे. आणि एक धोका: देवघरातली तेलाची वात उंदीर उचलून पळतो. पेटती वात आणि कापसाची खोली, पुढचं बोलायला नको. कापूस घरात असेपर्यंत दिवा काचेत ठेवा, आणि त्या खोलीतल्या वायरी कुरतडल्यात का ते टॉर्च लावून बघा.

पोती भिंतीला चिकटवून रचू नका. दीड-दोन फूट सोडा, म्हणजे मागे जाऊन झाडता येतं. खाली लाकडी फळ्या. घरखर्चाची ज्वारी, डाळ पत्र्याच्या कोठीत. प्लास्टिकचं पिंप त्याला फार वेळ अडवत नाही. कूलर पावसाळ्यात कोपऱ्यात टाकून देता ना, त्याचं गवत काढून टाका, नाहीतर पुढच्या एप्रिलला आत बाळंतखोली सापडते.

(पिंजरा हातात.)

पिंजरा पहिले दोन-तीन दिवस न चढवता ठेवा. आत भज्याचा तुकडा, नाहीतर भाजलेलं खोबरं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, सवय झाली की शिरतो. मग चढवा. पकडलेला पलीकडच्या गल्लीत सोडून येऊ नका, हा समाजसेवेचा प्रकार बंद करा. चिकट पाट मी सुचवत नाही. उंदीर तासन् तास तडफडतो, आणि पाल, चिमणीसुद्धा अडकते. आवाजाची मशीन मिळते, तिची उंदरांना लवकरच सवय होते. पैसे जाळीत घाला.

विष सगळ्यात शेवटी. काय आणताय ते वाचा. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. पोराच्या पोटात गेली तर लिव्हर निकामी होतं आणि तिच्यावर उतारा नाही. धान्यातल्या गोळ्या, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड, हवेतल्या ओलीने त्यातून विषारी गॅस सुटतो. त्या नुसत्या दुकानातून आणून माणसं झोपतात त्या खोलीत ठेवल्या तर रात्रीतून जीव जातात. त्या प्रशिक्षित माणसाशिवाय वापरायच्या नसतात. ब्रोमॅडिओलोनचे खडे टाकलेच तर बंद पेटीत टाका. उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, आणि मेलेला उंदीर मांजराने, घुबडाने खाल्ला तर तेही मरू शकतं. गव्हाणी घुबड आणि धामण फुकटात उंदीर खातात, त्यांना मारून आपण औषधाचं बिल वाढवतो.

(बसून.)

आता आजारांचं. पुराचं पाणी घरात येऊन गेलं असेल तर लेंड्या, कचरा कोरडा झाडू नका. आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा, मग हातमोजे घालून उचला. पायाला भेग असेल तर गमबूट घाला, कारण उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू, चिखलात पसरतो आणि जखमेतून अंगात शिरतो. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरला "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा.

आणि एक गोष्ट बीडकरांना आठवत असेल. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा वाढल्या, उंदीर मरून पडायला लागले आणि मग गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण निघाले. भूकंपानंतर सोडलेल्या घरांत धान्य पडून राहिलं, उंदीर फोफावले, असा त्या वेळी तर्क मांडला गेला. म्हणून तुम्ही विष टाकलेलं नसताना घरात, गल्लीत उंदीर आपोआप मरायला लागले, तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. आशाताईंना सांगितलं तरी चालेल.