कुठे उतरणार?

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईच्या लोकलमध्ये अनोळखी माणसाशी बोलायचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. ‘कुठे उतरणार?’ सकाळी कल्याणहून निघालेल्या गाडीत बसलेली बाई ‘घाटकोपर’ म्हणाली, की समोर उभी असलेली लगेच म्हणते, ‘मग मला द्या हं सीट.’ मागून तिसरी आली, तर बसलेलीच तिला सांगते, ‘माझी यांना दिलीये, खिडकीपाशी विचारा, त्या दादरला उतरतायत.’ सगळा कारभार तोंडी. आणि एकदा दिलेली सीट सहसा फिरवली जात नाही. लेडीज डब्यात कित्येक मैत्रिणी अशाच जुळल्या. आधी सीट, मग मांडीवर पिशवी, मग दोघींनी मिळून निवडलेली मेथी.

हल्ली मात्र कानात इयरफोन असतात. गाडी कुठे आली, पुढचं स्टेशन कोणतं, सगळं मोबाईल सांगतो. विचारायची गरजच उरली नाही, आणि गरज नसताना बोलायचं म्हणजे आपल्याला संकोच वाटतो. समोरच्याला आवडणार नाही, असं आपणच ठरवून टाकतो. शिकागोच्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. तिथल्या लोकलने रोज जाणाऱ्या काही जणांना त्यांनी शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोललेल्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. पण नुसता अंदाज विचारला, तेव्हा लोकांनी उलटंच सांगितलं होतं, की एकटं बसलेलंच बरं.

एक गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे. ‘आडनाव काय?’ हा आपल्याकडचा प्रश्न बहुतेक वेळा जातीसाठी असतो, आणि ज्याला विचारला त्याला ते बरोबर कळतं. तो प्रश्न मनातूनच काढून टाकूया. आणि एखादी मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली असेल, एका शब्दात उत्तर देत असेल, तर तिला बोलायचं नाही. तिथेच थांबावं.

आता मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. स्वारगेटहून वाईच्या एसटीत बसले होते. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना 2022 च्या ऑगस्टपासून एसटी मोफत झाली. तेव्हापासून एकट्या निघालेल्या आज्या मला जास्त भेटतात. अशीच एक आजी शेजारी येऊन टेकली. डोळ्यावर काळा चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.

‘पोरी, सुरूर फाट्यावर थांबती का गं ही?’

मला ठाऊक नव्हतं. पुढच्या सीटवरचे काका वळून म्हणाले, ‘थांबती आजी, मी सांगतो तुम्हाला.’

कात्रजचा बोगदा मागे पडला तशी आजीने कमरेची पिशवी सोडली. आत रुमालात गुंडाळलेल्या दोन बाटल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. ‘हे कवा कवा घालायचं, सांग बरं. लेकानं सांगितलं, पर ध्यानात ऱ्हात न्हाई.’ चिठ्ठी इंग्रजीत. एका बाटलीतलं औषध डोळ्यात दिवसातून चारदा घालायचं, दुसऱ्या बाटलीतलं दोनदा. आजीला वाचता येत नव्हतं. मग मी पेन काढून एका बाटलीच्या खोक्यावर चार चित्रं काढली. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य आणि चांदणी. दुसऱ्यावर फक्त उगवता सूर्य आणि चांदणी. आजीने खोकं चांगल्या डोळ्याजवळ नेलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘ह्यो बुडताना दिसतोय व्हय?’ मावळतीचा सूर्य मला नीट जमला नव्हता. गाडी हलत होती. मी त्याखाली एक रेघ मारली. ‘हां, आता बुडला,’ म्हणाली.

मग खंबाटकी चढेपर्यंत ती मला दोन्ही खोकी पाठ करून दाखवत होती. प्रत्येक वेळेला बरोबर.

सुरूरला काकांनी बेल मारायला लावली आणि पिशवी खाली उतरवून दिली. आजी माझं नाव न विचारताच गेली. मीही तिचं विचारलं नाही. गाडी वाईच्या रस्त्याला वळली, तसे काका पुन्हा मागे वळले.

‘तुम्ही कुठं उतरणार?’