ताप कधी येणार, ते आधी सांगायचं

[दृश्य: बैंगनवाडीची गल्ली. खांद्याला लसीची निळी पेटी लावून निघालेली आरोग्यसेविका]

गोवंडी, मुंबईचा एम पूर्व विभाग. २०२२च्या अखेरीस गोवराच्या साथीची मोठी झळ याच वस्त्यांना बसली. दगावली ती लहान मुलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना लस मिळालेली नव्हती.

[दृश्य: अर्धवट उघडलेलं दार]

‘अभी नहीं, बाद में.’ हा दर वेळी लसीला विरोध नसतो. घर जरीकामावर, नाहीतर रोजंदारीवर चालतं. बाळ रात्रभर तापलं की दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो. मागच्या सुईनंतर मांडी सुजली होती. सुजेल हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. धर्माकडे बोट दाखवणं सोपं, म्हणून ते आधी दाखवलं जातं.

[दृश्य: आईच्या मांडीवर बाळ, सिरिंज जवळून]

ही पेंटा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ प्रकारची कावीळ आणि हिब जंतूचा न्यूमोनिया-मेंदुज्वर, या सगळ्यांवर एकच सुई. अर्धा मिलिलिटर, डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. ताप येतो तो मुख्यतः डांग्या खोकल्याच्या घटकामुळे. बहुधा त्याच रात्री चढतो, एक-दोन दिवसांत उतरतो. सुजेवर ओल्या गार फडक्याची घडी ठेवायची. चोळायचं नाही, तेल-हळद लावायची नाही.

[दृश्य: पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी]

गडबड होते ती इथे. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५. थेंबांचं औषध सिरपच्या मापाने पाजलं तर चौपट पोटात जातं. म्हणून सिस्टर बाळाचं वजन बघते, आईच्या हातातली बाटली बघते, आणि त्याच बाटलीच्या झाकणावर माप दाखवते.

[दृश्य: उजवा दंड, गोवर-रुबेलाची सुई]

नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. हिचा ताप वेगळा. तो त्या रात्री नाही, साधारण सात ते बारा दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळही उठतं. हे आधी सांगितलं नाही, तर आठवड्याभराने गल्लीत एकच बोललं जातं: टीका लगाया, इसीलिए खसरा निकला. म्हणजे, लस टोचली म्हणूनच गोवर निघाला. मग पुढची दहा दारं उघडत नाहीत. आधी सांगितलेलं असेल तर तीच आई शेजारणीला समजावते.

[दृश्य: कुपीत द्रावण मिसळताना, लेबलवर पेनाने वेळ]

गोवर-रुबेलाच्या लसीची कोरडी पूड आणि तिचंच द्रावण, दोन्ही थंड. मिसळल्यावर कुपी चार तासच चालते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून कुठे कुठे एकाच बाळासाठी कुपी फोडायला हात आखडतो आणि आईला ‘उद्या या’ सांगितलं जातं. नियम साफ आहे: एक बाळ आलं तरी कुपी उघडायची. रोज बुडवून आलेली बाई उद्या येत नाही. तिची नोंद मात्र ‘नकार’ म्हणून होते.

साधी सर्दी, खोकला, थोडे जुलाब. यांसाठी लस थांबवायची नसते. कमी वजनाच्या बाळाला तर आधी द्यायची.

[दृश्य: बाकावर बसलेल्या आया]

सुईनंतर अर्धा तास इथेच थांबायचं. क्वचित तीव्र ॲलर्जी आली, तर औषध पेटीत हाताशी असतं. या अर्ध्या तासात सिस्टर चार गोष्टी सांगते: कोणती लस दिली, काय त्रास होईल, पुढची तारीख, आणि कार्ड जपून ठेवा.

[दृश्य: माता-बाल संरक्षण कार्ड]

गावी जाताना कार्ड सोबत न्यायचं. तिथल्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात पुढचा डोस मिळतो. मध्ये खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेलं तेवढंच द्यायचं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. पहिल्यानंतर शंभरातली साधारण पंधरा बाळं असुरक्षितच राहतात, म्हणून कार्डावरची ही दुसरी चौकट सिस्टर आईच्या बोटाखाली धरते आणि तारीख तिच्याकडूनच वदवून घेते.