होडीची सीट आणि आमचं रेक्झिनचं दुकान

नमस्कार मंडळी. मी बडोद्याच्या दांडिया बाजारातला सीट कव्हरवाला, म्हणजे बाइकची सीट, रिक्षाची सीट, फार तर कुणाच्या सोफ्याची गादी शिवून देणारा माणूस, आणि आज रेडिओवर बोलायला बोलावलंय ते होडीच्या सीटबद्दल, त्यामुळे घरात सकाळपासून हसाहशी चाललीय. बडोद्यात होडी म्हटलं की सूरसागर तलाव नाहीतर फार तर आजवा तलाव, आपल्याला समुद्राचं काय कळतंय.

तर झालं असं, भरूचच्या पुढे भाडभूतचा एक मच्छीमार माझा जुना गिऱ्हाईक आहे, त्याच्या टेम्पोची सीट मी दोनदा केलीय. भाडभूत म्हणजे जिथे पावसाळ्यात पाला, म्हणजे हिल्सा मासा खाडीतून नर्मदेत वर चढतो ते गाव. तो मे महिन्यात आला आणि म्हणाला, शेठ, माझ्या जुन्या फायबरच्या होडीच्या सीटा बसल्यात, नव्या करून द्या. मी म्हटलं त्यात काय, फोम टाकतो, वर चांगलं रेक्झिन. तो हसला आणि म्हणाला, आधी बघायला तर या.

गेलो. होडीला तीन आडव्या सीटा, फायबरच्या पेट्याच म्हणा ना, वरच्या झाकणात आत प्लाय. त्याने हातोडीच्या दांड्याने एका टोकाला ठोकलं तर टण वाजलं, आणि मधे ठोकलं तर थप, जसं काही भिजलेल्या पोत्यावर मारलं. मी स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ बोटभर आत गेला आणि काळं पाणी आलं. वरून फायबर चकाचक, आत प्लायचा भुसा. कारण काय, तर कधीतरी कुणीतरी तिथे बादली अडकवायला हूक मारला होता, साध्या लोखंडी स्क्रूने, त्या भोकातून वर्षानुवर्षं खारं पाणी आत झिरपत गेलं.

आता माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की पेट्या कापून टाकू आणि नवीन फ्रेम बसवू, काम लवकर होईल. बरं झालं बोललो. तो म्हणाला, शेठ, ही पेटी काढली तर होडीच्या दोन्ही बाजू उघडतील, लाटेवर कड आतबाहेर हलते, ही सीटच तिला धरून असते. शिवाय पेटीत फोम भरलेला असतो तो बसायला नाही, होडीत पाणी भरलं तर तरंगायला. एक घनफूट म्हणजे साधारण 28 लिटर, तेवढा कोरडा फोम 27 किलोच्या आसपास वजन तोलून धरतो. आणि तोच फोम पाणी प्यायला की उलटं होतं, नुसतं ओझं. आमच्या मधल्या पेटीतून जो फोम काढला तो पिळता येत होता हो. म्हणून तो सगळा काढून बंद पेशींचा, पाणी न पिणारा फोम भरला, आणि पेटी तशीच ठेवून फक्त वरचं झाकण बदललं.

त्याचा मुलगा मधेच मोबाईल घेऊन आला, व्हिडिओत परदेशी होड्या, दांड्यावर फिरणाऱ्या उंच खुर्च्या. दिसायला झकास. पण माणूस जितका उंच बसेल तितकी होडी डुलते, आणि 2024 च्या जानेवारीत आमच्या बडोद्याच्या हरणी तलावात होडी उलटून शाळेची 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्यापासून मला तरी होडीच्या तोलाची गोष्ट थट्टेवारी नेता येत नाही. मुलाला नाही म्हटलं, तो रुसला.

प्लाय घेताना आयएस 710 चा, म्हणजे भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या, मरीन प्लाय तीच. नुसतं वॉटरप्रूफ म्हणून जे विकतात त्यावर जाऊ नका. पण मरीन प्लायसुद्धा कडेने पाणी पिते, तिचे थर कडेला उघडे असतात ना, म्हणून कडा आणि खालची बाजू एपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या, कडक वाळणाऱ्या लेपाने नीट बंद करायची. बोल्टचं भोकसुद्धा आधी मोठं पाडायचं, एपॉक्सीने भरायचं, वाळलं की त्यातच लहान भोक पाडायचं, म्हणजे बोल्टला लाकूड लागतच नाही. बोल्ट 316 नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, बघा चिकटत नाही, पण हलक्या 304 नंबरच्या स्टीलला पण ते तसं चिकटत नाही, त्यामुळे त्या खेळाला भुलू नका, 304 ला खाऱ्या पाण्यात ठिपके पडतात.

वर फायबरचे थर द्यायला रेझिन घेतलं, म्हणजे फायबर ज्यात भिजवून चिकटवतात तो पातळ द्रव, हार्डनर घातला की तो कडक होतो. माझी हुशारी अशी की एकदम मग भरून कालवलं, मेचं ऊन, त्यात हार्डनर जरा जास्त. दोनच हात मारले असतील, तर मगमधून धूर, आणि ब्रश त्यात उभाच्या उभा गोठला, तो अजून दुकानात आहे. थोडं थोडं कालवायचं आणि सावलीत. आणि एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा, कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर वाळावं म्हणून घालतात ते औषध, आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो, कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं आणि हार्डनर नंतर. फायबर घासताना पूर्ण बाह्या आणि मास्क, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल, मी बसलो.

मग आलं माझं काम. सुती अस्तर नसलेलं रेक्झिन, कारण सुती अस्तर ओलं राहून कुजतं, दोरा पॉलिएस्टरचा, आणि गादी झाकणाला स्क्रू न मारता पट्ट्यांनी बांधलेली, परत भोक नको म्हणून. तीन गाद्या, निळ्या, पांढरी पायपिंग. जीव ओतून शिवल्या.

श्रावणात त्याच्याकडे गेलो तर होडी मस्त चालली होती, झाकणावर ठोकलं तर टण. आणि माझ्या तिन्ही गाद्या त्याच्या ओट्यावर, म्हातारी त्यावर बसून जाळं विणत होती. म्हणाला, शेठ, ओल्या जाळ्याने खराब होतील, आम्हाला फळीच बरी.