सही बारीक होत जाते तेव्हा

नमस्कार मंडळी. आज पार्किन्सनबद्दल बोलायचं आहे, म्हणजे घरातले बाबा बँकेत सही करायला जातात, अन् अक्षर बारीक बारीक होत जातं, शेवटी सही जुळतच नाही, तो आजार. मेंदूत खोलवर डोपामाइन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी असतात, त्या मरत जातात म्हणून हे होतं. गोळ्यांनी बराच आराम पडतो, पण मेलेल्या पेशी काही परत येत नाहीत.

मग नव्याच बनवल्या तर? जपानच्या क्योतो विद्यापीठातले जून ताकाहाशी, मुळात मेंदूचे सर्जन, ते याच्याच मागे लागले आहेत. तिथल्याच शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या अन् २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकं (जीन्स) घालून पार स्टेम सेलच्या, म्हणजे जिच्यापासून शरीरातली कोणतीही पेशी घडू शकते अशा मूळ पेशीच्या अवस्थेत नेल्या, २०१२ चं नोबेल त्यालाच मिळालं. पण स्टेम सेल हाती आली म्हणजे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली पेशी, झाला असं नाही ना! गर्भात बाळाचा मेंदू घडताना जे सिग्नल मिळतात ते लॅबमधल्या डिशमध्ये आपण द्यायचे, कोणतं रसायन आधी, कोणतं नंतर, किती, सगळं वेळेवर, अन् एखादी पेशी कच्ची राहिली तर मेंदूत तिची गाठ होऊ शकते, म्हणून निवडून निवडून घ्यायच्या. पूर्ण तयार न्यूरॉन घालत नाहीत बरं का, त्याच्या थोड्या आधीच्या पेशी घालतात. संत्र्याचं मोठं झाड उपटून दुसऱ्या वावरात लावलं तर जगत नाही, कलम लावलं तर धरतं, तसंच.

ताकाहाशींच्या टीमनं अशा पेशी मेंदूत घालायचं पहिलं ऑपरेशन २०१८ मध्ये केलं. ५० ते ६९ वयाचे सात पेशंट, निकाल २०२५ मध्ये आले. दोन वर्षांत कोणालाही गंभीर दुष्परिणाम नाही, अन् ज्या सहा जणांची हालचाल तपासली त्यातल्या चौघांची औषधाचा असर नसतानाही सुधारली. मला वाचून खरंच भरून आलं. पण पेशंट सातच, हेही तितकंच खरं.

म्हणून सांगतो, नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत यवतमाळ, गोंदियाहून लोक पेशंट घेऊन येतात, अन् कोणी म्हटलं की स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, लाखांत खर्च आहे, तर वावर विकायच्या आधी थांबा. आपल्याकडे पार्किन्सनसाठी हा मान्य उपचार नाही, आयसीएमआरच्या, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या, नियमांप्रमाणे तो फक्त मंजूर ट्रायलमध्येच, म्हणजे पेशंटवरच्या चाचणीतच देता येतो. ट्रायल आहे म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा, नंबर मागा, तो त्यांच्या साइटवर टाकून बघा, घरातलं कॉलेजात जाणारं पोरगं पाच मिनिटांत शोधून देईल. अन् तोवर बाबांच्या गोळ्या मनानं बंद करू नका, डोसची वेळही चुकवू नका.