श्वासाचं माप

(दृश्य: आयसीयू. विद्यार्थिनी टेपने रुग्णाची उंची मोजते आहे.)

खाटेवरच्या बाई बेशुद्ध आहेत. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं भरली आहेत. टेप लावणारी मुलगी रेस्पिरेटरी थेरपीच्या, म्हणजे श्वासोपचाराच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. टाचेपासून टाळूपर्यंत तिने माप घेतलं: १६० सेंटीमीटर. केसपेपरवर वजन ८० किलो.

व्हेंटिलेटरने एका श्वासाला किती हवा द्यायची? किलोमागे ६ मिलिलिटर, असं तिला शिकवलंय. ८० किलो धरले तर ४८० मिलिलिटर होतात. पण माणसाचं वजन वाढलं म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत, ती उंचीच्या मानाने असतात. उंचीच्या सूत्राने या बाईंचं वजन धरायचं साधारण ५२ किलो. म्हणजे हवा ३१५ मिलिलिटरच्या आसपास.

या फरकावर जीव अवलंबून असतात. अशाच गंभीर फुप्फुसविकाराच्या ८६१ रुग्णांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. किलोमागे १२ मिलिलिटर दिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के दगावले, ६ मिलिलिटर दिलेल्यांपैकी ३१ टक्के. जास्त हवेने आजारी फुप्फुसं ताणली जातात, आणखी बिघडतात.

(दृश्य: वर्ग. विद्यार्थी एकमेकांचे हात धरून बसले आहेत.)

बारावी सायन्सनंतर बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप. शरीररचना, औषधं, वायूंचे नियम हे सगळं ओघाने येतंच. आज मात्र एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी. मनगटात सुई घालण्याआधी मूठ आवळायला लावायची, दोन्ही धमन्या दाबायच्या, मग करंगळीकडची सोडायची. तळहात लगेच गुलाबी झाला तर रक्ताला दुसरी वाट आहे. मुलं हे आधी एकमेकांच्या हातावर करतात.

सुई टोचणं हाताला सवयीने जमतं. रिपोर्ट वाचायला वेळ लागतो. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ असला की नॉर्मल, हे पहिल्याच आठवड्यात पाठ होतं. दम्याचा जोरदार अटॅक आलेला माणूस भराभर श्वास घेतो, तेव्हा तो आकडा खाली जातो. तासाभराने रिपोर्टवर ४० येतात आणि नवख्या विद्यार्थ्याला हायसं वाटतं. रुग्ण अजून धापा टाकत असेल, तर हेच ४० धोक्याचे. त्याचे स्नायू थकत चाललेत. मला विचाराल तर या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा तास हाच.

(दृश्य: हातात अँबू बॅग, म्हणजे दाबून श्वास देण्याची पिशवी.)

१९५२ साली कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वास देणारी यंत्रं अपुरी पडली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने रुग्णांच्या घशात छेद देऊन नळी घातली आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबल्या. कित्येक जीव त्या हातांनी वाचवले. अँबू बॅगही डेन्मार्कचीच, १९५६ची. आजही व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की विद्यार्थ्यांनी आधी रुग्णाची छाती पाहायची, मग स्क्रीन. कारण कळत नसेल आणि रुग्ण ढासळत असेल, तर यंत्र काढून बॅग लावायची.

एवढं शिकूनही नातेवाईकांच्या लेखी ते ‘मशीनवाले’. २०२१च्या कायद्याने या व्यवसायाला देशपातळीवर नोंद मिळाली. हे खूप आधी व्हायला हवं होतं.

(दृश्य: पुन्हा आयसीयू, काही दिवसांनंतर.)

बाई शुद्धीवर आहेत. यंत्राचा आधार अगदी कमी केलाय. स्वतःचा श्वास स्वतः घेता येतो का, हे पाहणारी ही चाचणी अर्धा तास ते दोन तास चालते. विद्यार्थिनी मिनिटाचे श्वास मोजते: २२. ते ३५च्या वर गेले, घाम फुटला, मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले, तर चाचणी थांबवायची. ‘काकू, जोरात खोकून दाखवा बरं.’ खोकला दणकट हवा, नाहीतर नळी काढल्यावर कफ बाहेर पडणार नाही. नळी काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, तिने लिहून दिलेले आकडे पाहून.