पिशवी काढलेल्या बायांचं ऐकताना

(दृश्य : धारूर तालुक्यातला तांडा. सुटलेल्या टायरगाड्या, आढ्याला खोचलेले कोयते.)

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. ऊसतोडीच्या टोळ्या घरी आल्या. ओट्यावर बसलेली ही मुलगी एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी आलीय. आज बीपीचं मशीन आणलेलं नाही, फक्त रेकॉर्डर आणि वही.

आकडा आधीच आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली. १३,८६१ जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली निघाली. समोरची मावशी ऑपरेशनच्या टेबलावर कशी पोचली, हे त्यात नाही.

(क्लोज-अप : वहीचं पान.)

तत्त्वज्ञ एडमुंड हुसेर्ल सांगतो, अनुभव जसा आला तसा पाहायचा तर आधीचं ठाऊक असलेलं बाजूला काढून ठेवा. म्हणून तिने लिहिलंय : ‘आई उसाला जायची. मुकादमाचा राग येतो.’ राग वहीत उतरला की प्रश्नात डोकावणार नाही, अशी आशा. हुसेर्लचाच एकेकाळचा सहायक मार्टिन हायडेगर. त्याने १९२७ च्या ग्रंथात वेगळं मांडलं : माणूस जगात आधीच रुतलेला असतो आणि त्याला समजतं ते तिथूनच. आईची खोपी पाहिलीय म्हणून तर हिला खाडा न सांगता कळतो. पाळीत एक दिवस बुडाला की उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात पैसे कापले, तो खाडा. आमचा कल हायडेगरकडे आहे. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या कथनांवर उभं केलेलं कामही त्याच वाटेचं.

(दृश्य : हेडफोन, लॅपटॉप, रात्र.)

तासाभराची मुलाखत उतरवायला अख्खा दिवस जातो. हुंकार लिहायचा, मध्येच गप्प झालेलं लिहायचं, शेळी ओरडली तर तेही. मग कागद परत तांड्यावर नेऊन वाचून दाखवायचा. असं संशोधन विश्वासाला उतरतं का, हे तपासताना संशोधनपद्धतीचे अभ्यासक लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये या परत जाण्याला सगळ्यात जास्त वजन दिलं.

(मूळ आवाज, कागद ऐकून मावशी : “तसं न्हवतं सिस्टर. डॉक्टरनं इचारलं न्हाई, सांगितलं.”)

जिल्ह्यात आता अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते.

इकडे ‘बाईचा निर्णय’ या मथळ्याखाली जमवलेली वाक्यं तिने एकेक करून बाहेर काढली आहेत. त्यांना नवा मथळा सापडलेला नाही. गाईड मॅडमची वेळ सोमवारची. तोवर सगळ्या मुलाखती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायच्या आहेत.