विझलेलं रेडियम

(दृश्य: इतवारीतलं अरुंद दुकान. मशीनवर नंबरप्लेटची अक्षरं कापली जातायत.)

"रेडियम मारून द्या भाऊ." नागपुरात हे वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. पण या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. ती समोरून आलेला उजेड परत फेकते, एवढंच. खरं रेडियम, म्हणजे सतत किरणं सोडणारा धातू, सापडायचं तर दुकानात नाही, महालातल्या एखाद्या वाड्याच्या ट्रंकेत सापडेल.

(दृश्य: गजराचं जुनं घड्याळ. आकड्यांवर तपकिरी पोपडे.)

हे घड्याळ आमच्या घरचं. आजी सांगायची, आधी ते रात्रभर हिरवं चमकायचं. आता अंधारात काहीच दिसत नाही. रेडियम संपलं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग एका मित्राने किरणं मोजायचं यंत्र जवळ नेलं आणि ते कडकडायला लागलं.

चमकायचं ते रेडियम नव्हतंच. रंगात मिसळलेलं झिंक सल्फाइड रेडियमच्या किरणांचा मारा झेलून चमकायचं, आणि तोच मारा झेलून निकामी झालं. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. ७५ वर्षांपूर्वीच्या रंगात ते आजही शंभरातलं सत्त्याण्णव भाग शिल्लक आहे.

काच शाबूत असेल, तर कपाटातल्या घड्याळाला घाबरायचं कारण नाही. भीती आहे ती उघडण्याची. पोपडा सुटतो, त्याची धूळ होते, ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाते. शरीराला रेडियम कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या कारखान्यात मुली हाच रंग घड्याळांवर लावायच्या. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलेलं होतं. त्यांचे जबडे सडले. पाच जणींनी कोर्टात दाद मागितली, १९२८ मध्ये तडजोड झाली. त्या गावाचं नाव ऑरेंज. संत्र्यांच्या आपल्या शहरात बसून हे वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

(दृश्य: वरातीतल्या गॅसबत्त्या, जुनं छायाचित्र.)

गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये, म्हणजे ज्योतीवर बसवायच्या जाळीत, थोरियम असायचं. तेही किरणं सोडणारं. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत सापडतं तेच. उजेडात बसलेल्या वऱ्हाडाला त्यापासून धोका नव्हता. पण मेंटल एकदा जळलं की राखेसारखं ठिसूळ होतं. रात्रभर झडलेले मेंटल बदलणाऱ्या माणसाच्या छातीत ती भुकटी किती गेली असेल, याची नोंद कोण ठेवणार होतं?

(दृश्य: व्हॉल्व्हचा रेडिओ, मागचं झाकण काढलेलं.)

आकाशवाणी नागपूर १९४८ पासून घराघरांत बोलत आली ती अशा पेट्यांमधून. इथे किरणं नाहीत, इथे वीज आहे. प्लग काढला तरी आतले वीज साठवणारे कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्ट धरून राहू शकतात. काही रेडिओंमध्ये तर लोखंडी सांगाडाच थेट मेनला जोडलेला असतो. बटणाचा स्क्रू उघडा पडला तरी झटका बसतो. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही ती काच काही काळ चार्ज सोडत नाही. म्हणून जुने मेकॅनिक ट्यूबला हात लावण्याआधी वायरने ती डिस्चार्ज करतात. घरी बसून, हौस म्हणून हे झाकण उघडू नका.

(दृश्य: गल्लीतून जाणारी कबाड्याची हातगाडी.)

आणि मग हे सगळं कबाडात जातं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत असंच एक यंत्र भंगारात विकलं गेलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं, कित्येक वर्षं बंद. आत जोरदार किरणं सोडणारं कोबाल्ट-६० होतं. ते फोडणाऱ्यांना काय फोडतोय ते ठाऊक नव्हतं. एक जण दगावला, बाकीचे भाजले. आपल्या घड्याळात त्याच्या लाखांशानेही किरणं नाहीत. पण हातोडा मारणारे हात तेच, आणि त्यांना सांगणारं कुणी नसणंही तेच.

(दृश्य: घड्याळ प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, मग स्टीलच्या डब्यात.)

आमचं घड्याळ आता या डब्यात आहे. झाकणावर आईने मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "आत रेडियम आहे. उघडू नये. कबाड्याला देऊ नये."